गोडाची किंमत : विपेहोल्म येथील दंतक्षयाचे प्रयोग आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम प्रौढांचे मुखारोग्य

प्रास्ताविक

दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात सार्वजनिक दंत-आरोग्य हा विषय शिकवताना आहार आणि दंतक्षय या प्रकरणात ‘विपेहोल्म अभ्यास’ हमखास येतो. महाराष्ट्रातील दंतवैद्यक महाविद्यालयांचे विद्यार्थीही त्याचे निष्कर्ष परीक्षेसाठी पाठ करतात : साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दातांना किती काळ चिकटून राहिली हे अधिक महत्त्वाचे, जेवणाबरोबर घेतलेली साखर त्या मानाने कमी अपायकारक, दोन जेवणांच्या मधली चिकट मिठाई सर्वांत अपायकारक. आज कोणत्याही दवाखान्यात लहान मुलाच्या आईला जो सल्ला दिला जातो, त्याच्या मुळाशी हे संशोधन आहे. ज्यांच्या दातांवर ते झाले ते लोक कोण होते, याची नोंद मात्र पाठ्यपुस्तकांत बहुधा एका वाक्यात उरकलेली असते.

ते लोक स्वीडनमधील लुंड या विद्यापीठनगरातील विपेहोल्म रुग्णालयात राहणारे, बौद्धिकदृष्ट्या अक्षम असलेले प्रौढ स्त्री-पुरुष होते. त्यांचे दात किडावेत अशा हेतूने त्यांना गोड पदार्थ दिले गेले आणि दात किडलेही. प्रस्तुत निबंधात या प्रयोगांची पार्श्वभूमी, त्यांचा क्रम आणि त्यानंतरची वाटचाल पाहावयाची आहे. त्यातून पुढे येणारे निरीक्षण प्रारंभीच नमूद करतो. आहार आणि दात यांच्या संबंधाविषयीचे विसाव्या शतकातील एक महत्त्वाचे ज्ञान बौद्धिकदृष्ट्या अक्षम प्रौढांच्या तोंडातून मिळाले. पण त्याच ज्ञानाचा लाभ या समूहाला सर्वांत उशिरा आणि सर्वांत अपुरा मिळाला.

परिभाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तत्कालीन स्वीडिश कायदे व कागदपत्रे यांत या रुग्णांसाठी ‘शिक्षणास अपात्र’ अशा अर्थाचा शब्द येतो. आपल्याकडेही ‘मतिमंद’ हा शब्द कालपरवापर्यंत शासकीय व्यवहारात रूढ होता. ऐतिहासिक संदर्भ सांगताना असे शब्द टाळता येत नाहीत, कारण त्या शब्दांनीच त्या माणसांचे स्थान ठरवले होते. अन्यत्र ‘बौद्धिकदृष्ट्या अक्षम’ हा शब्दप्रयोग केला आहे.

दात का किडतात?

प्रश्न जुना आहे. १८९० मध्ये अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर याने बर्लिनमधील आपल्या संशोधनाच्या आधारे असे प्रतिपादन केले की, तोंडातील जिवाणू पिठूळ व शर्करायुक्त अन्नकणांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दातावरचे कठीण आवरण विरघळते. हा सिद्धान्त पुढे बराचसा खरा ठरला. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला प्रतिस्पर्धी होते. इंग्लंडमध्ये मे मेलनबी यांनी ‘ड’ जीवनसत्त्व आणि दातांची घडण यांचा संबंध दाखवला होता. त्यामुळे दात मुळात कच्चे घडतात म्हणून किडतात, की चांगले घडलेले दात बाहेरच्या आम्लाने किडतात, असा वाद उभा राहिला. पहिले मत खरे असेल तर उपाय जीवनसत्त्वांच्या गोळ्यांत होता. दुसरे खरे असेल तर उपाय ताटात आणि हलवायाच्या दुकानात होता. दुसऱ्या उपायाचे आर्थिक परिणाम कोणावर होतील हे सांगण्याची गरज नाही.

१९४० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी दातांवरील कीटणाची आम्लता प्रत्यक्ष मोजली. शर्करेच्या द्रावणाने चूळ भरताच काही मिनिटांत आम्लता वाढते आणि पूर्ववत होण्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, असे त्यांना आढळले. तरीही माणसाच्या रोजच्या आहारातील साखर आणि त्याच्या दातांची प्रत्यक्ष कीड यांचा संबंध नियंत्रित प्रयोगाने सिद्ध झालेला नव्हता. तो सिद्ध करावयाचा तर शेकडो माणसांचा आहार वर्षानुवर्षे संशोधकाच्या हाती असावा लागतो. मोकळ्या समाजात ही गोष्ट जवळजवळ अशक्य असते.

स्वीडनमध्ये हा प्रश्न राज्यकारभाराचाही झाला होता. तेथील संसदेने १९३८ मध्ये सार्वजनिक दंतसेवा उभारण्याचा निर्णय घेतला. किडलेल्या दातांचे प्रमाण इतके प्रचंड होते की सर्वांचे दात भरावयाचे तर दंतवैद्यही अपुरे आणि पैसाही अपुरा. तेव्हा रोग मुळातच कमी कसा करता येईल हे शोधण्याचे काम शासनाने १९३९ मध्ये आपल्या वैद्यकीय मंडळाकडे सोपवले. कल्याणकारी राज्याची ही उभारणी आणि विपेहोल्म यांचे नाते योगायोगाचे नाही. ज्या दशकात नागरिकाच्या दातांची जबाबदारी राज्याने स्वीकारली, त्याच दशकात, १९३४ मध्ये, बौद्धिकदृष्ट्या अक्षम आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या निर्बीजीकरणाचा कायदाही त्याच संसदेने केला होता. राज्याचे संगोपन सर्वांसाठी होते. मात्र त्या ‘सर्वां’त काहीजण लाभार्थी होते, तर काहीजण साधन.

विपेहोल्म

विपेहोल्म रुग्णालय १९३५ मध्ये सुरू झाले. अन्य संस्थांना सांभाळणे कठीण वाटणारे, ‘शिक्षणास अपात्र’ ठरवलेले रुग्ण देशभरातून तेथे पाठवले जात. रुग्णसंख्या हजाराच्या आसपास होती आणि अशा प्रकारच्या संस्थांमध्ये ते देशातील सर्वांत मोठे मानले जाई. मुख्य वैद्य ह्यूगो फ्रॉडरबर्ग होते. बहुतेक रुग्ण आयुष्यभरासाठीच तेथे आलेले असत.

संशोधकांना हवे ते सर्व येथे होते. स्वयंपाकघर एकच होते आणि प्रत्येक पदार्थ मोजून देता येत होता. रुग्ण बाहेर जात नव्हते, पैसे बाळगत नव्हते, दुकानातून काही आणून खात नव्हते. दर वर्षी तीच माणसे तपासणीसाठी उपलब्ध होती. प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयी जी वाक्ये लिहिली जातात, ती येथे माणसांविषयी लिहिता येत होती आणि ‘नियंत्रित परिस्थितीतील उत्तम अभ्याससमूह’ अशाच अर्थाने विपेहोल्मचे वर्णन शास्त्रीय साहित्यात पुढे होत राहिले. त्या नियंत्रणाचे दुसरे नाव कोंडून ठेवणे हे आहे, याकडे दंतवैद्यकाच्या वाङ्मयाने दीर्घकाळ लक्ष दिले नाही.

जीवनसत्त्वांकडून टॉफीकडे

१९४५ मध्ये अभ्यास सुरू झाला तेव्हा त्याचे स्वरूप निराळे होते. आरंभीच्या काळात रुग्णांना जीवनसत्त्वे आणि फ्लोराइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. मूळ आहारात साखर बेताची होती आणि जेवणांच्या मध्ये खाणे जवळजवळ नव्हतेच. परिणाम असा की नवी कीड फारच थोडी निर्माण होत होती. जीवनसत्त्वे घेणारे आणि न घेणारे यांत फरक दिसावा इतका रोगच तेथे नव्हता.

इतिहासाच्या दृष्टीने प्रयोगाचा निर्णायक क्षण हाच आहे. संशोधकांपुढे आलेली वस्तुस्थिती खरे तर एक निष्कर्षच होती : साधा, कमी साखरेचा, ठरावीक वेळी दिलेला आहार असेल तर दात फारसे किडत नाहीत. पण त्याच वस्तुस्थितीकडे प्रयोगाचा अडथळा म्हणून पाहिले गेले. रोग आपोआप होत नसेल तर तो घडवून आणला पाहिजे, असे ठरले. १९४७ पासून कर्बोदकांचा प्रयोग सुरू झाला. प्रतिबंध शोधण्यासाठी निघालेला अभ्यास दोन वर्षांत रोगनिर्मितीचा अभ्यास झाला.

रुग्णांचे गट पाडण्यात आले. एका गटाला नेहमीचा आहार. दुसऱ्या गटाला जेवणाबरोबर द्रवरूपात साखर, दिवसाला सुमारे ३०० ग्रॅमपर्यंत. काही स्त्री-पुरुषांना जेवणाबरोबर गोड, चिकट पाव. उरलेल्यांना दोन जेवणांच्या मध्ये मिठाई : एका गटाला चॉकलेट, एकाला दिवसाला २२ कॅरॅमल, एकाला ८ टॉफी आणि शेवटच्या गटाला २४ टॉफी. या टॉफी मुद्दाम मोठ्या आणि चिकट बनवून घेतल्या होत्या, म्हणजे त्या पटकन गिळता येऊ नयेत. खर्चाचा काही भाग साखर, चॉकलेट व मिठाई यांच्या उत्पादकांनी उचलला होता. आपला माल निर्दोष ठरेल अशी आशा त्यांना असावी. निष्कर्ष उलट निघाले, हे त्या संशोधकांच्या प्रामाणिकपणाच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

मुख्य अहवाल १९५४ मध्ये स्कँडिनेव्हियातील दंतवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गुस्ताफसन, क्वेन्सेल, लांके, लुंडक्विस्ट, ग्राहनेन, बोनोव आणि क्रासे असे सात लेखक आणि पाच वर्षे निरीक्षणाखाली ठेवलेल्या ४३६ व्यक्ती. क्वेन्सेल हे संख्याशास्त्रज्ञ होते आणि त्या काळाच्या मानाने विश्लेषण काटेकोर होते. जेवणाबरोबर भरपूर साखर घेणाऱ्यांत कीड थोडीच वाढली. जेवणांच्या मध्ये टॉफी खाणाऱ्यांत ती अनेक पटींनी वाढली. २४ टॉफींचा गट सर्वांत वर होता. प्रत्येक टॉफीनंतर आम्लता अर्धा तास टिकते असे धरले, तरी या गटातील माणसाचे दात दिवसाचे बारा तास आम्लात राहत होते असा हिशेब निघतो. लुंडक्विस्ट यांनी लाळेतून साखर किती वेळात नाहीशी होते हे मोजले होते. त्यांच्या १९५२ च्या प्रबंधातून चिकटपणाचे महत्त्व स्वतंत्रपणे पुढे आले.

मिठाई बंद केल्यावर नव्या किडीचा वेगही उतरला. अहवालाच्या दृष्टीने हा अत्यंत समाधानकारक पुरावा होता, कारण कारण काढून घेताच कार्य थांबले. वेग पूर्ववत झाला. किडलेले दात अर्थातच पूर्ववत झाले नाहीत. सुमारे पन्नास जणांचे दात संपूर्णपणे खराब झाले, असे या प्रयोगांविषयीच्या लेखनात सांगितले जाते.

मौन आणि संमती

या ४३६ जणांपैकी एकाचेही निवेदन आपल्याकडे नाही. इतिहासलेखनात आवाज नसलेल्या समूहांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे ते शब्दशः खरे आहे, कारण त्यांतील अनेकांना बोलताच येत नव्हते. कोष्टकांत त्यांची ओळख ते खात असलेल्या पदार्थावरून होते : पावाचा गट, कॅरॅमलचा गट, टॉफीचा गट. ज्यांच्या आयुष्यात मौजेच्या गोष्टी थोड्याच होत्या, त्यांना त्या टॉफीचा आनंद झाला असेलही. दातदुखी सुरू झाल्यावर त्यांनी ती कशी व्यक्त केली असेल, याचे उत्तर कोष्टकांतून मिळत नाही.

प्रयोगाच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्या काळचे नैतिक निकष निराळे होते, आजचे निकष भूतकाळाला लावू नयेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद प्रथमदर्शनी रास्त वाटतो. पण तो तपासून पाहिला पाहिजे. प्रशियाच्या मंत्रालयाने १९०० मध्येच असा आदेश काढला होता की, अल्पवयीन किंवा अन्य कारणाने अक्षम असलेल्या व्यक्तींवर उपचाराखेरीज अन्य हेतूने प्रयोग करू नयेत आणि स्पष्ट संमतीशिवाय कोणावरही करू नयेत. जर्मनीने १९३१ मध्ये याविषयी आणखी तपशीलवार नियम केले. ते पुढे कसे पायदळी तुडवले गेले हे सर्वश्रुत आहे. आणि ऑगस्ट १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथील न्यायालयाने वैद्यांच्या खटल्याच्या निकालपत्रात जी दहा तत्त्वे मांडली, त्यांतील पहिलेच तत्त्व स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे होते. विपेहोल्ममधील कर्बोदकांचा प्रयोग याच वर्षी सुरू झाला. तेव्हा निकष नव्हते असे नाही. ते शत्रूच्या वैद्यांसाठी आहेत, आपल्यासारख्या सभ्य लोकशाहीतील सद्हेतूने काम करणाऱ्यांना लागू नाहीत, अशी त्या पिढीची समजूत होती, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

ही समजूत स्वीडनपुरती नव्हती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फर्नाल्ड शाळेत १९४६ ते १९५३ या काळात तेथील मुलांना किरणोत्सारी लोह व कॅल्शियम मिसळलेली न्याहारी देण्यात आली. अन्नातील खनिजे शरीरात किती शोषली जातात हे पाहण्यासाठी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हा प्रयोग केला आणि क्वेकर ओट्स कंपनीने त्याला साहाय्य केले. मुलांना ‘विज्ञान मंडळा’चे सभासद केले गेले, सहली मिळाल्या, पालकांना पाठवलेल्या पत्रांत किरणोत्साराचा उल्लेख नव्हता. १९९० च्या दशकात हे उघडकीस आल्यावर १९९८ मध्ये १८.५ लाख डॉलरची तडजोड झाली. न्यूयॉर्क राज्यातील विलोब्रुक शाळेत १९५० च्या दशकाच्या मध्यापासून बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांना काविळीच्या विषाणूची लागण मुद्दाम करण्यात आली. १९६६ मध्ये हेन्री बीचर यांनी अनैतिक संशोधनाच्या २२ उदाहरणांचा जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात या प्रयोगाचा समावेश होता. पोषण, पचन, संसर्ग, दात असे विषय निरनिराळे असले तरी जागा एकाच प्रकारची होती : बंद संस्था आणि तिच्या मोजून वाढलेल्या पंगती.

आपल्याकडची स्थिती याहून निराळी होती असे मानण्याचे कारण नाही. १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील अनेक मतिमंद स्त्रियांची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छतेची अडचण हे कारण सांगितले गेले. तो प्रकार संशोधनाचा नव्हता आणि त्याविरुद्ध राज्यभर आवाजही उठला. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्या शरीराविषयीचा निर्णय त्याला सांभाळणाऱ्याच्या सोयीने घ्यावयाचा, ही विचाराची पद्धत ओळखीची आहे.

स्वीडनमध्ये विपेहोल्मचा हिशेब सावकाश मांडला गेला. संशोधकांपैकी बो क्रासे यांनी २००१ मध्ये, पन्नास वर्षांनंतर, आपल्या आठवणी दंतसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहिल्या. २००६ मध्ये इतिहाससंशोधक एलिन बोमेनेल यांचा या प्रयोगांवरील प्रबंध लिंकोपिंग विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. तो वैद्यकाचा नव्हे तर इतिहासाचा प्रबंध होता. शास्त्रज्ञ, शासन आणि उद्योग यांच्यातील वाटाघाटींचे कागद त्यातून प्रथमच सलगपणे वाचले गेले.

शनिवारचा खाऊ

प्रयोगाचे फलित स्वीडिश जनतेला लवकर मिळाले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वैद्यकीय मंडळाने पालकांना सुचवले की, मुलांना मिठाई हवी तेवढी द्या, पण आठवड्यातून एकदाच. त्यातून ‘शनिवारचा खाऊ’ ही प्रथा रुजली आणि ती स्वीडिश घरांत अजूनही पाळली जाते. शनिवारी हातात पिशवी घेऊन दुकानात गोळ्या निवडणारे मूल हे त्या देशाचे एक कौटुंबिक चित्रच झाले आहे. या चित्रामागे लुंडमधील टॉफी आहेत, हे त्या मुलांना सहसा ठाऊक नसते. स्वीडनमधील दंतक्षय पुढे झपाट्याने कमी झाला. त्याचे सर्व श्रेय मात्र या सल्ल्याला देता येणार नाही. फ्लोराइडयुक्त पेस्टचा आणि मुलांच्या मोफत दंतसेवेचा वाटा त्यात मोठा आहे.

विपेहोल्मच्या निष्कर्षांना पुढील संशोधनाने दुजोराच दिला. प्राण्यांवरील प्रयोगांनी जिवाणूंचा वाटा दाखवला. १९७० च्या दशकात फिनलंडमधील तुर्कू येथे झायलिटॉलचा प्रयोग झाला. तेथील सहभागी स्वेच्छेने आलेले होते, आणि अशा प्रकारचे संशोधन कोणाला कोंडून न ठेवताही होऊ शकते हे त्यातून दिसले. ऑस्ट्रेलियातील बाउरल येथील होपवुड हाउस या बालगृहाचे उदाहरण त्याहूनही बोलके आहे. तेथील मुलांचा आहार आधीपासूनच साधा, शाकाहारी व साखर-मैदा यांना फाटा देणारा होता. संशोधकांनी त्यांचे दात फक्त तपासले आणि ते बाहेरच्या मुलांच्या दातांपेक्षा कितीतरी निरोगी आढळले. विपेहोल्ममध्येही १९४५ ते १९४७ या काळात हेच दिसले होते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पदार्थांत मिसळलेली व मधासारख्या पदार्थांतील मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, अशी शिफारस केली. तिच्या आधारांत दंतक्षयाविषयीचा पुरावा महत्त्वाचा होता.

ज्यांचे दात, त्यांच्यापर्यंत

१९६० च्या दशकात स्कँडिनेव्हियात विचार बदलला. डेन्मार्कचे बँक-मिकेल्सन आणि स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी बौद्धिकदृष्ट्या अक्षम व्यक्तींना इतरांसारखेच दैनंदिन जीवन मिळाले पाहिजे, हे ‘सामान्यीकरणा’चे तत्त्व मांडले. १९६७ च्या स्वीडिश कायद्यात त्याचे प्रतिबिंब पडले. मोठ्या संस्था हळूहळू रिकाम्या झाल्या. ही निःसंशय मुक्ती होती. परंतु दातांच्या दृष्टीने तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. संस्थेतील कडक वेळापत्रक गेले, त्याबरोबर जेवणांच्या मधले न खाणेही गेले. बाहेरच्या जगात बिस्किटे, शीतपेये आणि गोळ्या होत्या. दात घासून देणारा प्रशिक्षित हात, आणि या व्यक्तीला खुर्चीत बसवून शांतपणे तपासणारा दंतवैद्य, हे मात्र तेवढ्या सहजतेने उपलब्ध झाले नाहीत.

२०१० मध्ये अँडर्स आणि डेव्हिस यांनी तोवरच्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेतला. बौद्धिकदृष्ट्या अक्षम व्यक्तींमध्ये मुखस्वच्छता कमी आणि हिरड्यांचे विकार अधिक व तीव्र असतात. दंतक्षयाचे प्रमाण मात्र सर्वसामान्यांइतकेच किंवा त्याहून कमी आढळते. फरक आहे तो उपचारांत, कारण उपचार न झालेली कीड त्यांच्यात सातत्याने अधिक असते. हा निष्कर्ष सावकाश वाचण्यासारखा आहे. त्यांचे दात इतरांहून वेगळ्या कारणांनी किडत नाहीत. ते किडलेले तसेच राहतात, आणि अखेरीस भरण्याऐवजी काढले जातात.

कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. फेफऱ्यासाठी दिले जाणारे फेनिटॉइन १९३८ मध्ये वापरात आले आणि त्याने हिरड्या वाढतात हे पुढच्याच वर्षी नोंदवले गेले. अशा वाढलेल्या हिरड्यांखाली ब्रश पोहोचत नाही. मनोविकारांवरील अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते, आणि लाळ हीच आम्लाविरुद्धची पहिली तटबंदी आहे. गोळी गिळता येत नाही म्हणून औषध गोड पातळ रूपात दिले जाते, पुष्कळदा झोपण्यापूर्वी. डाउन संलक्षण असलेल्या व्यक्तींत कीड तुलनेने कमी, पण हिरड्यांचा विकार तरुणपणीच दात हलवणारा. काहींना अन्न गालात धरून ठेवण्याची सवय असते. काहींच्या जठरातील आम्ल वारंवार तोंडात येते.

दात गेले की आहार बदलतो. आपल्याकडे अशा प्रौढ व्यक्तीला गुरगुट्या भात, चहात बुडवलेले बिस्किट, केळे, शिरा असे मऊ पदार्थ दिले जातात. भाकरी, कोशिंबीर, उसळी ताटातून जातात. त्यातून बद्धकोष्ठ, वजनवाढ किंवा उलट कुपोषण. मऊ आणि पिठूळ अन्न उरलेल्या दातांना चिकटते. ठसका लागेल या भीतीने सांभाळणारा आणखी मऊ अन्न देतो. चाळिशीतील मुलाला भरवणाऱ्या सत्तरीतील आईला या साखळीची जाणीव कोणी करून दिलेली नसते. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

सर्वांत गंभीर साखळी वेदनेची आहे. ज्याला ‘दात दुखतो’ असे सांगता येत नाही तो जेवण नाकारतो, गालावर मारून घेतो, रात्री ओरडतो. ही लक्षणे ‘वर्तनदोष’ म्हणून नोंदवली जातात. वर्तन आटोक्यात आणण्यासाठी औषध वाढवले जाते. औषधाने तोंड कोरडे पडते आणि कीड वाढते. आणि शांत बसल्याबद्दल बक्षीस म्हणून हातावर एक गोळी ठेवली जाते. वर्तन-प्रशिक्षणात खाद्यपदार्थाचा प्रबलक म्हणून उपयोग करण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. दिवसातून अनेकदा, दोन जेवणांच्या मध्ये, छोटा गोड पदार्थ. विपेहोल्मने दातांना सर्वांत घातक ठरवलेली रीत ती हीच. तेथील टॉफी विज्ञानासाठी होत्या, येथील गोळ्या मायेने वा शिस्तीसाठी दिल्या जातात. दातांना हेतू कळत नाही.

या स्थितीवर उपाय म्हणून काही प्रयत्न झाले आहेत. स्पेशल ऑलिंपिक्सच्या क्रीडास्पर्धांच्या वेळी खेळाडूंची दंततपासणी करण्याचा उपक्रम १९९३ मध्ये बॉस्टनचे दंतवैद्य स्टीव्हन पर्लमन यांच्या पुढाकाराने सुरू झाला. भारतात राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत प्रतिबंधक दंतोपचारांचा समावेश आहे. विशेष शाळांतून दंतवैद्यक महाविद्यालयांची तपासणी शिबिरे होतात. परंतु शाळा अठराव्या वर्षाच्या सुमारास संपते, आणि शिबिरही शाळेबरोबरच संपते. २०११ च्या जनगणनेत ‘मतिमंदत्व’ या सदरात सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांतील प्रौढांच्या दातांकडे पाहणारी नियमित व्यवस्था कोणती, हा प्रश्न अनुत्तरित आहे.

संशोधनाच्या बाबतीत कायदा मात्र स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ६ नुसार, दिव्यांग व्यक्तीला समजेल अशा मार्गाने घेतलेली तिची मुक्त व माहितीपूर्ण संमती आणि यासाठी नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगी यांशिवाय तिच्यावर संशोधन करता येत नाही. त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे सदस्य असावे लागतात. याच्याशी संबंधित एक अडचण संशोधकांनी ओळखली पाहिजे. संमती मिळवणे कठीण म्हणून या समूहाला आहार व दंत-आरोग्याच्या अभ्यासांतून सरसकट वगळले, तर त्यांच्याविषयीचे अज्ञान तसेच राहते. विपेहोल्ममध्ये त्यांना विचारल्याविना घेतले गेले, आता त्यांना विचारल्याविना सोडले जाते.

शेवटी महाराष्ट्रातील साधनांविषयी. १९१२ च्या भारतीय लुनसी कायद्याने ‘वेडा’ या संज्ञेत जन्मतः बुद्धिमंद व्यक्तीचाही समावेश केला होता. त्यामुळे ठाणे व येरवडा येथील मनोरुग्णालयांत अशा व्यक्ती दाखल होत राहिल्या. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांना या व्याख्येतून वगळले. मुंबई इलाख्यातील वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल उपलब्ध आहेत आणि त्यांत दाखल झालेल्यांची संख्या, आजार, मृत्यू व खर्च यांची कोष्टके आढळतात. या अहवालांचा अभ्यास आजवर प्रामुख्याने मानसोपचाराच्या इतिहासासाठी झाला आहे. ते अन्नाच्या बाजूने, म्हणजे कोणाच्या ताटात काय वाढले जात होते, चावता न येणाऱ्यांसाठी निराळी व्यवस्था होती काय, दातांचा उल्लेख कोणत्या सदरात येतो, अशा प्रश्नांसह पुन्हा वाचावयास हवेत. मराठी वाचता येणाऱ्या संशोधकाला त्यांच्याबरोबर स्थानिक दप्तरांतील पत्रव्यवहारही पाहता येईल. नातेवाइकांनी केलेले अर्ज, भेटीला येताना खाऊ आणू देण्याविषयीच्या विनंत्या असे काही त्यांत सापडले, तर इंग्रजी कोष्टकांत न मिळणारी माहिती त्यातून हाती येण्याची शक्यता आहे.